कॉक बंद कर अन् थांब

अप्पा, तुमचा जनरेटर काल दुपारी सुरू झाला. दुरुस्त मी केला. तुमच्या मुलानं नाही, तुम्ही ज्याला मांडीजवळ बसवून पाना कसा धरायचा ते शिकवलंत त्यानं नाही. तो पुण्यात आहे आणि त्याच्या फ्लॅटमधला बल्ब गेला तरी फोन करून माणूस बोलावतो. हे तुम्हांला कुणीतरी सांगायलाच हवं होतं, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही मंडपवाल्याकडून हे यंत्र जुनं विकत आणलंत तेव्हा मी बँकेत नोकरीला लागले होते. पगार आणत होते. तरी यंत्र उघडलं की टॉर्च माझ्या हातात आणि पाना दहावीतल्या धाकट्याच्या हातात. नोकरी लागली म्हणून मला शाईचं पेन मिळालं. तो दहावीत दुसऱ्यांदा नापास झाला, तर त्याचं मन रमावं म्हणून त्याला पान्यांचा अख्खा डबा. मी बोलले होते तेव्हा. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "टॉर्च हालवू नको. लाइट तिकडं न्हाई, इकडं पाड." मला कॉन्व्हेंटमध्ये घातलंत, साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलता यावं म्हणून, आणि ते मला आलंही. पण घरातल्या यंत्राला हात लावायला मी बाईमाणूस. तेलाच्या मिलमधलं मोठं इंजिन सांभाळणाऱ्या माणसाला एवढं कळू नये, याचा राग मला अजून आहे. साठी उलटली म्हणून राग उतरतो असं जे म्हणतात, ते खोटं आहे.

आणि ते बटण. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही उभे आहात, लाइट आलेली आहे, मी पुढे होऊन बटण दाबते आणि यंत्र बंद करते. तुम्ही ओरडता, "बटण कशाला दाबून राह्यली? पेट्रोलचा कॉक बंद कर अन् थांब. त्याचं पोट रिकामं होऊ दे. आतलं पेट्रोल जळलं की ते आपोआप बंद पडतं." मी म्हणते, "मग बटण काय शोभेला दिलंय, अप्पा?" तुम्ही धाकट्यासमोर म्हणता, "तुझ्या इंग्रजी शाळेत सगळं शिकवलं, थांबायचं तेवढं न्हाई शिकवलं." तो फिदीफिदी हसतो. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हापासून मागच्या उन्हाळ्यापर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी यंत्र दहा मिनिटं चालवलं, तुमच्या शिस्तीप्रमाणे, पंखे आणि फ्रिज जोडून, आणि दर वेळी बटण दाबूनच बंद केलं. आईला कळत होतं. ती म्हणायची, "मेलेल्या माणसासंगं कशाला भांडून राह्यलीस?" ती होती तोवर घरात निदान असं कुणी म्हणत होतं.

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग रविवार चुकले, एक चुकला तसे सगळेच. या मे महिन्यात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दोन दिवस लाइट नव्हती. इन्व्हर्टर चार तासांत आडवा झाला. मी दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतला, यंत्रानं साधा उसासाही टाकला नाही. स्टेशन रोडवरचा मेकॅनिक आला, उभ्यानंच बघितलं आणि म्हणाला, "म्याडम, हे भंगार हाय. जल्दी विकून टाका, पत्र्याच्या भावानं तरी जाईल." मी त्याला म्हटलं, वाकून बघायचे वेगळे पैसे लागतात का? तो गेला. पाठोपाठ धाकट्याचा फोन. घर दोघांच्या नावावर आहे, आई गेल्यापासून तो ते विकायचं म्हणतो आहे, आणि आमचं ठरलं होतं की मला एकटीला झेपतंय तोवर विषय काढायचा नाही. त्यानं काढला. "ताई, बेचाळीस डिग्रीत दोन दिवस पंख्याशिवाय बसलीस. एक मशीन चालू होत नाही तुझ्याच्यानं. बस्स झालं आता. रविवारी मी गिऱ्हाईक घेऊन येतो, तू बॅग भरून ठेव, माझ्याकडे पुण्याला ये." मी म्हटलं, रविवारपर्यंत चालू झालं तर? तो हसला. तेच हसणं, अप्पा, चाळीस वर्षांत बदललेलं नाही.

पान्यांचा तो डबा त्यानं इथेच टाकला होता. काल सकाळी मी तो काढला, शेडमध्ये स्टुलावर बसले, आणि मला कळलं की मला सगळं माहीत आहे. पाना धरणाऱ्याला फक्त त्याच्यापुढचा नट दिसतो. टॉर्च धरणारीला तुमची बोटं दिसायची, काय आधी निघतं, काय नंतर, कुठला वॉशर कुठल्या बाजूला. कार्बोरेटरच्या खालची वाटी मी सोडवली तेव्हा तिच्यात पेट्रोल नव्हतं, गुळाच्या पाकासारखा पिवळा, चिकट थर होता, जुन्या व्हार्निशच्या वासाचा. आत राहिलेलं पेट्रोल असं होतं हे तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत, तर मी बटण दाबलं नसतं. तुम्ही मला टोमणा दिलात, कारण दिलं नाही. पण थर माझ्याच हट्टाचा होता, हेही लिहून टाकते. पेट्रोल ज्या बारीक भोकातून जातं तो जेट काढून उजेडात धरला, आरपार काही दिसेना. सुई घालायची नाही, भोक मोठं होतं. वायर सोलून तांब्याची एकच तार घ्यायची. टॉर्च काखेत दाबून, जीभ दातांत धरून मी ती तार फिरवत बसले. चष्मा दोनदा पडला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी ऐकले नसते असे शब्द मी दोन-तीनदा वापरले. मग त्या भोकातून सुईच्या अग्राएवढा उजेड आला.

नवं पेट्रोल घातलं, प्लग पुसला. सहाव्या ओढीला यंत्र खोकलं, नवव्या ओढीला लागलं. मी तशीच, काळ्या हातांनी, भावाला फोन लावला आणि फोन इंजिनासमोर धरला. नंतर कानाला लावला. तो म्हणाला, "बरं. चालू झालं ना? मग राहा तू तिथंच. गिऱ्हाइकाला नको सांगतो." आणि ठेवला.

शेजारची मारवाडी भाभी भिंतीवरून वाकून म्हणाली, "मॅडम, लाइट तर सकाळीच आली की! मशीन कायको चालून राह्यलं?" मी म्हटलं, टेस्टिंग आहे. टेस्टिंग दहा मिनिटांचं असतं. मी दीड तास त्याच्याजवळ स्टुलावर बसले होते, कारण ते बंद केलं की मला स्वयंपाकघरात जाऊन एकटीचा भात लावायचा होता.

हे पत्र टेबलावर उघडंच ठेवते. लपवायचं कुणापासून? मी जिंकले, अप्पा, घर राहिलं. फक्त तो एवढ्या पटकन "बरं" म्हणाला. त्यानं आणखी एकदा ये म्हटलं असतं, तर मी नाहीच म्हटलं असतं. पण त्यानं म्हणायला हवं होतं.