‘पहिली पाळी’चा शेवटचा अंक

अक्कलकोट
ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुशांत यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

हितं सगळे खुशाल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पेपरचे गठ्ठे आणणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देते.

शेवटच्या अंकासाठी तू लिहून पाठवलेला आपल्या ‘पहिली पाळी’चा इतिहास वाचला. डोकं उठलं माझं! आप्पांनी गिरणीतल्या सोबत्यांना घेऊन पेपर काढला, संप झाले, गिरण्या बंद पडल्या, सगळं आहे. आपली आई, आपली अव्वा कुठाय? आप्पा भाषणासारखं लिहायचे, अर्ध्या रकान्याचं एक वाक्य. अव्वा ते बिडी कारखान्यात मोठ्यानं वाचायची आणि तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या बायका वळून तिच्या सुपात टाकायच्या. बायका पेंगायला लागल्या की संध्याकाळी ती आप्पांच्या पुढ्यात पेपर आपटायची. दुसऱ्या दिवशी वाक्यं निम्मी! मग गिरणीतले लोकही म्हणायला लागले, हा पेपर आपल्यासारखा बोलतो. हाच की इतिहास!

पेपर बंद होतोय हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. डोळे गेल्यापासून रोज सकाळी मीच तिला अंक वाचून दाखवते. निदान शेवटच्या अंकात तरी तिला तिचं नाव ऐकू येऊ दे.

लई चिडले आहे, पण जीव तुझ्यातच आहे. वेळेवर जेवत जा.

तुझी
अक्का

सोलापूर
ता. ८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास गुरुशांतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे गिरणीचा भोंगा! माझी काय दशा आहे ते बघ की जरा. कागद मिळेना, पेपर टाकायला माणूस मिळेना, आमचा मशीनमन बिरप्पा रोज काम सोडतो आणि रोज येतो. त्यात तू. अगं, इतिहासाला पुरावा लागतो. अव्वाचा एक फोटो नाही, कुठं छापलेलं नाव नाही. म्हणून तुझं पत्र खिशात घातलं आणि गप्प बसलो.

पण चैन पडेना. परवा कुंभारीला, अव्वाबरोबर विड्या वळणाऱ्या गंगम्माच्या पडवीत गेलो. तिथं बायका अजून विड्या वळत बसतात. त्यांना माझा इतिहास मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो, तर पहिल्याच वाक्याला मला दम लागला. दोघी भाजीचं बोलायला लागल्या, एक चक्क घोरली. गंगम्मा म्हणाली, आईचा आवाज न्हाय घेतला तर न्हाय, अक्कल तरी घ्यायची की! असा राग आला! पण काढायचा कुणावर?

घरी येऊन सगळं फाडलं आणि अव्वापासून नवीन लिहिलं. हे पत्र शेवटच्या अंकाच्या गठ्ठ्यातच घालतोय. तिला वाचून दाखव. पेपर बंद होतोय हेही तूच सांग बाई, माझ्याच्यानं व्हायचं नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा
गुरुशांत

अक्कलकोट
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुशांत यास आशीर्वाद.

भित्रा तो भित्राच राहिलास! अवघड काम आलं की अक्का.

अंक वाचला. तुझं पहिलं वाक्य, ‘हा पेपर एका बाईनं मोठ्यानं वाचला, म्हणून तो टिकला.’ रोज अव्वा मला दहादा टोकते, आज एकदाही टोकलं नाही. स्वतःचं नाव आलं तेव्हा भिंतीकडं तोंड केलं आणि पुढं वाच म्हणून हातानं खुणावलं. मला रडू आलं रे. तुझ्यावरचा सगळा राग गेला, असं लिहिणार होते.

पण शेवटची ओळ आली, उद्यापासून अंक निघणार नाही ही. ती मी गिळली. अव्वाचा जन्म वाचण्यात गेलाय, तिला कळायचं राहतंय व्हय? म्हणाली, खालची ओळ वाच. वाचली.

मग म्हणाली, माझं नाव छापायला गुरूला पेपर बंद करावा लागला व्हय?

उद्या सकाळी ती नेहमीसारखी आंघोळ करून कॉटवर बसेल. मी वाचणार नाही. हे पत्र आजच सोलापूरच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ देते; उद्या पहिल्या गाडीनं ये आणि काय वाचायचं ते घेऊन ये.

माया कितपत उरली आहे, ते आल्यावर बघ.

तुझी
अक्का