उजव्या पायासाठी

रविवार, संध्याकाळ. कोपरचं घर.

मधुमेहामुळे पप्पांचा डावा पाय कापावा लागला, आज ते घरी आले. संध्याकाळच्या प्रार्थनेत आमच्याकडे प्रत्येकाने एका गोष्टीसाठी देवाचे उपकार मानायचे असतात. आज तरी नको, असं मला वाटत होतं. पप्पांनीच सुरुवात केली, "प्रभू, उजव्या पायासाठी तुझे उपकार."

मी ओरडलेच, "पप्पा, आमच्यासाठी नाटक नको! खरंच असं वाटतंय तुम्हाला?"

"नाही गं. पण वाटेपर्यंत थांबलो, तर प्रार्थना कधी करू?"

घरातली पहिली पदवीधर मी, चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलांना देवावरचा विश्वास शिकवते. मग हे मला कसं माहीत नव्हतं? उजवा पाय!

माझी पाळी आली. मी म्हटलं, "प्रभू, मला तुझा राग आलाय."

सगळ्यात मोठ्याने आमेन पप्पांनी म्हटलं.