गंज्याचा आवाज मध्येच बदलतो

सोमवार, तारीख नऊ. दुपारची भांडी झाल्यावर.

चिरंजीव थोरल्यास आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे, म्हणजे माझे गुडघे सोडून. ते कुणाचं ऐकत नाहीत, त्या बाबतीत तुझ्यावर गेलेत. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. माझी शाळा चौथीच्या अलीकडेच सुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आणि हसलास तर बरंच आहे, तेवढा तरी हसलास.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर मी बोलत सुटते आणि मुद्दा बसतो ताटकळत. तो पिक्चर गुरुवारी उतरतोय. शुक्रवारपासून थेटरात दुसरा. त्याच्या आत तू तो बघायला हवास. नाही म्हणायच्या आधी पत्र पुरं वाच.

मी दोनदा बघितला. पहिल्यांदा तुझ्या बायकोबरोबर, दुसऱ्यांदा एकटी. तिकीटवाली म्हणाली, "आजी, हा मारामारीचा आहे, कौटुंबिक बाजूच्या पडद्यावर लागलाय." मी म्हटलं, "मारामारीचाच दे गं, कौटुंबिक मी घरी बघते." ती इतकी हसली की मला मधली, पाय पसरता येतील अशी खुर्ची दिलीन.

तर गोष्ट अशी. चित्रांच्या पुस्तकातली पाच वाईट माणसं. एक बाई हसली की काचा फुटतात. एक म्हातारा विषं करतो. दोन जुळे आहेत, त्यांचं तोंड कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून ते चोऱ्या करतात. आणि पाचवा गंज्या. अंगाचं लोखंड झालेला, पाणी लागलं की गंजणारा, दाराएवढा रुंद. सरकार या पाचांना तुरुंगातून काढतं आणि म्हणतं, तुमच्याहून वाईट एक आलाय, त्याला आवरा, मग शिक्षा माफ.

आता गुणदोष. मी काही कुणाची मिंधी नाही, खरं ते सांगते. लांबण फार लावलीय. प्रत्येकाचं लहानपण दाखवायचं म्हणून दाखवलंय, जसं लग्नात दूरच्या नातेवाइकांची ओळख करून देतात, ऐकतोय कोण. तो सगळ्यात वाईट माणूस नेमका कशावर रागावलाय ते मला दोनदा बघून कळलं नाही. शेवटी आभाळातून निळ्या उजेडाचा खांब येतो आणि अख्खं शहर पडतं. शहर पाडणारे पाच, पण केरसुणी घेतलेला एक माणूस दाखवत नाहीत. मेलं, कोण काढतं तो राडा?

पण चांगलं आहे ते फार चांगलं आहे. ती पाचही माणसं शेवटपर्यंत चांगली होत नाहीत. कुणी भाषण देत नाही. एका मोडक्या गाडीत बसून उरलेला एकच पाव वाटून खातात आणि त्यावरून जावाजावांसारखी भांडतात. विषवाला म्हातारा सगळ्यात मोठा तुकडा घेतो, आणि त्याचाच घास गंज्या काढून घेतो, "आजोबा, तुमच्या हातचं आम्ही खात नाही, तुम्ही आमच्या हातचं खा." थेटर हसलं. मी सगळ्यात जोरात. पुढच्या पोराने मागे वळून बघितलं, तर मी त्याला सांगितलं, "तो गंज्या बोलतोय ना, तो माझा नातू आहे, आमचा भुंग्या."

सांगितलंच मी. पहिल्यांदा, अनोळखी माणसाला. पोर म्हणालं, "भारी आवाज आहे, आजी. आता कुठल्या पिक्चरमध्ये आहे?"

मी म्हटलं, "बघू."

बाळा, तुला वाटतं तो आवाज ऐकणं म्हणजे त्याचं दुखणं ऐकणं. मला माहीत आहे, तू तोंडाने बोलला नाहीस तरी. तो घोगरा आवाज तुला किती आवडला होता. तो आला आणि म्हणाला, बाबा, डबिंगवाल्यांनी मला घेतलं, आणि त्याचा आवाज दिवसेंदिवस जाड होत गेला, आपण सगळे खूश. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, हाच धर, सोडू नकोस. तू त्याच्याकडून वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन करवलास, "उद्या आला नाहीस तर मी येतो." तो माणूस त्याच संध्याकाळी धापा टाकत हजर. आपण आतल्या खोलीत तोंडात पदर, रुमाल कोंबून हसलो. भुंग्या हसता हसता खोकला आणि आपण म्हटलं, काय जिवंत काम करतो.

ते काम नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तुला समोर बसवून सांगितलं, गाठ आधीपासून होती, आवाज काढून झाली नाही, पिक्चरने झाली नाही, तुमच्या फोनने तर नाहीच. तू मान हलवलीस आणि ऐकलं काहीच नाहीस. मग गळ्याला भोक पडलं आणि तो पाटीवर लिहायला लागला. मग तोच गेला. आणि तू फोनमधला त्याचा एकूण एक निरोप पुसलास, बदली मागून घेतलीस, आणि त्या गावात एका खोलीत राहतोस. तुझी बायको काही म्हणत नाही. ती अजून तीन ताटं घेते आणि एक परत ठेवते.

तर आता खरं ते. शेजारची शिकवणीवाली मला पेपर वाचून दाखवते. त्यात या पिक्चरबद्दल आलं होतं. निळ्या खांबाला नावं ठेवलीत, बरोबर आहे. पुढे लिहिलंय, गंज्याचा आवाज मध्येच बदलतो, हा डबिंगचा ढिसाळपणा. मी रेकॉर्डिंगवाल्याला फोन लावला, भांडायलाच. त्या बिचाऱ्याने मला भांडून घेऊ दिलं. मग म्हणाला, "आजी, पेपरवाले खरं बोलतात. तो एक प्रसंग आम्ही अगदी पहिल्या दिवशी घेतला, चाचणी म्हणून. पुढे आवाज घोगरा झाला तेव्हा ठरलं, हा पुन्हा घेऊ, जुळायला हवा. पण पुन्हा घ्यायची वेळ आली तेव्हा तो बोलू शकत नव्हता. दुसऱ्या कुणाकडून घ्यायला माझं मन धजलं नाही. राहिला तसाच."

ऐकतोयस ना? दोष म्हणतात तो हा. गंज्या अजून लोखंडाचा झालेला नाही, साधा पोरगा आहे, त्याचा बाप शिडीवर चढून दिवा बसवतोय आणि पोरगा खाली शिडी धरून उभा आहे. बाप घाबरतो. आणि आपला भुंग्या बोलतो, त्याच्या स्वतःच्या आवाजात, दुखण्याच्या आधीच्या, सकाळी अंघोळ करून आल्यासारख्या स्वच्छ आवाजात, "बाबा, खाली बघू नका. मी धरलंय."

एवढंच वाक्य. तुझ्या बायकोने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. त्या दिवशी घरी आल्यावर तिने दोनच ताटं घेतली आणि माझ्या आधी जेवायला बसली.

मी रेकॉर्डिंगवाल्याकडे ते वाक्य मागितलं. म्हणाला, आजी, ते कंपनीच्या मालकीचं, माझ्या हातात नाही. म्हणून म्हणते, गुरुवार. त्याच्यानंतर ते कुठे, कधी लागेल, मला ठाऊक नाही, आणि माझ्या वयाला कधीतरीवर भरवसा ठेवता येत नाही.

गुरुवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघी बसतो. कडेची एक खुर्ची घेऊन ठेवलीय. अंधार झाल्यावर आलास तरी चालेल, प्रसंग मध्यंतराच्या जरा आधी आहे. आमच्याशी बोलायला नको, घरी यायला नको. ऐक आणि उठून जा. नाही आलास तर मी रागावणार नाही, तुझ्या वाटचंही ऐकून घेईन, पण बाळा, त्याने मला नाही रे हाक मारलेली.

त्याची आजी,
तुझी आई