नळीतले वीस डास

४ एप्रिल
आठव्या दिवशी पाणी आलं. तीन ड्रम, सहा घागरी, कुकरसुद्धा भरला. ओवीला पिशोरला आईकडे ठेवून अकरा महिने झाले. पाच वर्षांची लेक. मागच्या वर्षी तिला डेंगी झाला, तेव्हा पाठवली ती पाठवलीच. दुसऱ्यांदा झाला तर जास्त वाईट, हे मीच लोकांना सांगत फिरते. पण जूनमध्ये इथल्या शाळेत घालायची. राहवत नाही आता.

९ एप्रिल
डेंगीच्या सर्वेक्षणासाठी आज आमच्याच गल्लीत डास गोळा केले. नळी तोंडाला लावून ओढायचे. पायावर पांढरे पट्टे असलेलेच हवेत. शेजारच्या नजमाखालांना म्हटलं, ड्रम रिकामा करून घासा. "पानी फेंकूं? तुम फेंके क्या तुम्हारा?"
नाही फेकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

१० एप्रिल
एका नळीत एकाच घरचे वीस लागतात. खालांकडे अकराच मिळाले. नऊ माझ्या मोरीतले टाकले, नंबर खालांच्या घराचा. उगाच परत कोण फिरणार.

२२ एप्रिल
ती नळी पॉझिटिव्ह. डेंगी. माझे नऊ की त्यांचे अकरा, कळायला मार्ग नाही. तपासायला सगळे एकत्र घोटलेले. सर्वेक्षणाच्या सरांना खरं सांगितलं. ते चिडले नाहीत. "नळी यादीतून काढू. तुमच्या घराचं काय करता?"

२३ एप्रिल
तिन्ही ड्रम ओतले, घासले. पाण्याला अजून पाच दिवस. ओवीचा बाबा महेश शेंद्र्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला, अंघोळीला पाणी नाही. तसाच झोपला. खालांना नळीचं सगळं सांगितलं. त्या भिंतीवरून दोन घागरी देत म्हणाल्या, "मेरेच घर के रहते वो." मला फार लाज वाटली.

२ मे
आईचा फोन. "शनवारी आणू का नको, एकदाचं सांग. लेकरू दप्तर भरून बसलंय." हो म्हणणार, तेवढ्यात ती नळी डोळ्यांपुढे आली. ओवीच्या केसांचा वास आठवत राहिला.
मग ओवी फोनवर आली. "मम्मी, म्या आता ड्रममधलं पाणी नाय सांडणार. आण ना मला."
पाणी सांडायची म्हणून पाठवलं, असं वाटतंय तिला. बारा महिने.
उद्या सांगते म्हणाले आईला.

३ मे
अजून फोन केला नाही. शनिवार परवावर आला.