ऑइलच्या तोंडाला बोळा

शुक्र., ३१ ऑक्टो.
बीडला डायलिसिस. येताना घाटात जळक्या तेलाचा वास नाकात बसला. ह्यांनी जीपचं बॉनेट उघडलं तर सगळ्या इंजिनवर तेल उडालेलं. ऑइल टाकायच्या तोंडाचं झाकण ढिलं झालंय, आतलं रबर फुटलंय. म्हटलं, बदला. "बदलू की." ह्यांचं 'बदलू की' मला लग्नापासून ठाऊक हाय.

रवि., २ नोव्हें.
रफिकभाई मिस्त्री माझी तब्येत बघायला आले, जीपही बघितली. "भाभी, झाकन नवंच लागतंय. पाटोद्यात न्हाई मिळायचं, बीडहून आना." हे म्हणाले, मंगळवारी हिला घेऊन जातोच की.

सोम., ३
हे भाडं मारून आले. झाकण वाटेतच कुठंतरी उडालं. माझा हिरवा परकर फाडून त्या तोंडात बोळा कोंबला. "आमच्या लाइनीत समदे असंच करतेत." लई राग आला. परकर चांगला होता.

मंगळ., ४
मांजरसुंब्याच्या अलीकडं तेलाचा लाल दिवा लागला, मग खडखड, मग बंद. बॉनेट उघडलं, बोळा जागेवर न्हाई. हे रस्त्यावर वाकून शोधायले. "पडला आसंल."
मी दुधाच्या टेम्पोत बसून गेले. उशीर झाला, माझं मशीन दुसऱ्याला दिलेलं. शेवटी मिळालं, पण अर्धाच वेळ. अंगातलं पाणी पुरतं निघालं न्हाई.

बुध., ५
रफिकभाईंनी जीप ओढून आणली, खालचं चेंबर खोललं. तेल ओढायच्या जाळीवर हिरव्या चिंध्या. "बोळा आत गेला, भाभी. तेल वर चढलंच न्हाई. इंजिन जाम." ह्यांचा गळा धरावा वाटला. मग ह्यांचे हात दिसले, जाळीवरच्या चिंध्या एकेक करून वेचत होते. तरी राग गेला न्हाई.

गुरु., ६
पायाला सूज. आडवं झालं की दम लागतो. एसटीचं म्हणावं तर मागं डायलिसिस करून एसटीनं आले तेव्हा स्टँडवरच पडले होते.
हे सकाळी बीडला जाऊन नवं झाकण घेऊन आले. त्या मेलेल्या इंजिनवर बसवलं, घट्ट पिळलं, फडक्यानं पुसलंसुद्धा.
"आता कावून बसवलं?"
"उघडं कसं ठिवू."
उद्या शुक्रवार. फाइल, चादर, बिस्किटं पिशवीत भरून दाराशी ठेवली. कशानं जायचं ते अजून ठरलं न्हाई.