न दिलेली भाकरी

लोणावळं,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, ता. ३१ डिसेंबर १९३९

चिरंजीव शालूस,

झुंबरबाईचा रामराम. आशीर्वाद लिवायला घेतला व्हता, पन हात थांबला. मी कुरवंड्याची झुंबर, महिपतीची आई. पंचांम्होरं काडीमोड व्हायच्या आदी चार वर्सं तू मला आत्याबाई म्हनायचीस. आमी हितं खुशाल. तू बी खुशाल हाईस, असं तुज्या कार्डावरनं दिसलं.

ते कार्ड आश्रमाच्या लीलाबाईंनी सगळ्यांफुडं वाचलं. दवाखान्यातनं महिन्याची रजा मिळतीया, आश्रमात येऊन बायकांची सेवा करीन, काय तयारीनं येऊ ते कळवा, असं तू लिवलंस. मी तवा चुलीपाशी व्हते. तुला ठावं न्हाई, पन तीन वर्सं झाली, मी ह्याच आश्रमात सैपाकाला हाये. अक्षर बी हितंच शिकले, पन्नाशी उलटल्यावर. तुला उत्तर मीच लिवावं असं लीलाबाई म्हनाल्या. का म्हनाल्या ते फुडं लिवते.

तू हितं राहून गेलीस. पन आलेली बाई निराळी आनि आलेलीला घरात घेनारी निराळी. म्हनून सांगते.

नवी बाई आली की काय झालं म्हनून इचारायचं न्हाई. ऊन पानी द्यायचं, बसायला द्यायचं. एकादी तांब्या मांडीवर धरून दिवसभर बसती. काढून घ्यायचा न्हाई. लेकरू तिनं आपन हून दिलं तरच घ्यायचं. पैल्या महिन्यात मी एकीचं पोर कौतुकानं उचललं, तर ती अशी किंचाळली की मी ते तसंच तिच्या मांडीवर ठेवलं.

मनाला लागंल, ह्याची तयारी ठेव. तू जखम धुशील, रातंदीस उशाशी बसशील, आनि आठव्या दिवशी नवरा फाटकाशी येऊन दोन गोड शब्द बोलला की ती त्येच्यासंगं चालू लागंल. गेल्या साली अशा पाच जनी गेल्या. पैलीला मी चार शब्द सुनावले. लीलाबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हनाल्या, "तुम्ही रागावलात, तर पुन्हा मार खाल्ल्यावर ती कुठल्या तोंडानं येईल?" तवापासनं जानारीचं लुगडं मी घडी घालून देते आनि म्हनते, "फाटक ठावं हाये न्हवं, बाई?" पाचांतल्या दोघी माघारी आल्या.

कोनी आभार मानंल असं धरून येऊ नगं. पन महिना महिना गप असलेली एकादी, डाळ करपली म्हनून अवचित हसती. त्या दिवशी मला जेवान गोड लागतं.

आनि हितल्या खोल्यांच्या दारांना भाईरनं कडी न्हाई. लीलाबाईंनी सगळ्या काढून टाकल्या.

हितवर लिवलं आनि दोन दीस कागद तसाच ठेवला.

शालू, त्या दिवशी परसदाराची कडी मी लावली व्हती.

दुपारची येळ. औताची दोरी तुटल्याचा राग महिपतीनं तुज्यावर काढला. तू परसदाराकडं पळालीस. मी गोठ्यात शेन भरत व्हते. आडावर चार बाया पानी शेंदत व्हत्या. त्यांनी बघू ने, घराची अब्रू जाऊ ने, म्हनून मी उठले आनि भाईरनं कडी घातली. "आत्याबाई, दार उघडा, आत्याबाई," असं तू म्हनत व्हतीस. मी ऐकलं. ऐकत ऐकत शेन भरलं. तुजा डावा हात त्या दाराशीच मोडला. मागनं मी हळद बांधाया बसले तवा तुला काय म्हनाले, आठवतं? "दार फुगलंय गं, जाम बसतंय." दुसऱ्या दिवशी सकाळीच तू घर सोडलंस.

दोन वर्सांनी मी महिपतीला दुसरी बायको केली. धोंडा तिचं नाव. लय गरीब पोर. तिच्या वाट्याला बी त्येच आलं. एकदा ती तशीच परसदाराकडं पळाली आनि मी तशीच भाईर व्हते. खोटं कशाला बोलू, माजा हात कडीवर गेला. गेला आनि तितंच थिजला. मग मी दार सताड उघडलं, तिचं मनगाट धरलं आनि तशीच चालू लागले. आडावरच्या बाया बघत व्हत्या. बघू देत म्हनलं. लोणावळ्यापतूर दोन कोस ते मनगाट सोडलं न्हाई.

हितं लीलाबाईंनी धोंडाच्या नवऱ्याचं नाव इचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आनि माज्याकडं बघितलं. मला वाटलं, आता मला हाकलतील. तर म्हनाल्या, "म्हणजे तुम्ही शालूच्या सासूबाई! तिनं सांगितलं होतं. सासूबाईंनी हाताला हळद बांधली, वाटेला भाकरी बांधून दिली. तुम्हीही इथंच राहा ना. आम्हांला अशा बाईची गरज आहे."

हळद बांधली व्हती. भाकरी मी दिली न्हवती, शालू. तू उपाशी गेलीस.

मी गप बसले. धोंडा माजा पदर धरून बसली व्हती, मला जायाला दुसरी जागा न्हवती, म्हनून गप बसले. त्या न दिलेल्या भाकरीवर मी हितं तीन वर्सं जेवले. हितं मला काम मिळालं, अक्षर मिळालं. पोरी मला मावशी म्हनत्यात. धोंडाची बी काडीमोड झाली आनि मागल्या वैशाखात वडगावला एका भल्या मानसासंगं तिचं दुसरं लगीन, म्होतूर झालं, आता तिला दीस गेलेत. ह्यातलं सगळं तुज्या एका बोलन्यानं झालं. देवाचं नाव घ्यायच्या आदी मी तुजं घेते.

महिपती एकदा फाटकाशी आलता. मोठ्यानं म्हनाला, "तू माजी आई का त्या पोरीची?" मी म्हनाले, "तुजीच. म्हनून तर मी हितं उभी हाये. दुसरी असती तर पोलिसाला बोलावती." तो गेला. त्यानंतर आला न्हाई. जीव तुटतो माजा, पोटचा हाये. हे बी तुला लिवू ने खरं तर.

तुजं कार्ड आलं आनि मी लीलाबाईंना सगळं सांगून टाकलं, कडीचं बी आनि भाकरीचं बी. त्यांनी तुजं कार्ड उचलून माज्या हातात दिलं. मग म्हनाल्या, "उद्या सैपाक कोण करणार आहे?" मी म्हनाले, "सांगाल तर मीच." "मग करा. आणि शालूला पत्र तुम्ही लिहा. इथं काय वाढून ठेवलंय, ते तिला येण्याआधी कळलं पाहिजे. तुम्हीसुद्धा त्यातच आलात."

तर हे सांगितलं. माजी भन बेगडेवाडीला असती. तू म्हनशील तर तुजा महिना मी तितं जाऊन ऱ्हाते. माज्यापायी तू येयाचं थांबू नगं. हितल्या बायांना तुज्या हाताची लय गरज हाये.

हे पत्र कुनाकडनं लिवून घेतलं न्हाई. चुकलं माकलं सगळं माजंच हाये.

झुंबर


पुणे,
ता. १० जानेवारी १९४०

तीर्थरूप आत्याबाईंस,

शालूचा नमस्कार. दवाखान्यात सवड मिळाली नाही म्हणून उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होते. खरं म्हणजे तुमचं पत्र एकदा वाचून मी ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं होतं. काल पुन्हा काढलं.

कडी तुम्ही लावलीत हे मला तेव्हाच समजलं होतं. दाराच्या फटीतून तुमचं हिरवं लुगडं दिसत होतं. थंडीत हात अजून दुखतो. तुम्हांला बरं वाटावं म्हणून हे लपवणार नाही.

भाकरीचं मी खोटं बोलले. लीलाबाईंनी विचारलं, "त्या घरात तुझ्या बाजूचं कोणीच नव्हतं का गं?" चार वर्षं राबले त्या घरात माझं म्हणावं असं एकही माणूस नव्हतं, हे परक्या बाईला सांगायची मला लाज वाटली. हळद खरी होती, तिला मी भाकरी जोडून दिली. ते तुमच्यासाठी केलं नव्हतं, माझ्यासाठीच केलं. तरी त्या खोट्यानं तुम्हां दोघींना दार उघडलं असेल, तर ते बोलले याचा मला आनंद आहे.

धोंडाचं वाचलं तेव्हा मात्र मला रडू आवरेना. कुरवंड्याच्या त्या वाटेनं मी एकटी, दर दहा पावलांवर मागं बघत आले होते. तिला तुम्ही हाताला धरून आणलंत. नर्सच्या कामात मी कितीतरी सासवा पाहिल्या, पोटच्या मुलाकडं पाठ फिरवून सुनेबरोबर चालत आलेली एकही पाहिली नाही. आत्याबाई, मी तुमची मनापासून आभारी आहे. धोंडाला कितवा महिना आहे? वडगावला जाऊन मी तिला तपासून येईन. तुम्ही माझ्याबरोबर चला, मला ती ओळखत नाही.

बेगडेवाडीला जाऊ नका. आपल्याला एका छपराखाली जमेल की नाही, हे मला आज सांगता येत नाही. नाहीच जमलं तर तसं तोंडावर सांगेन. आता मला सांगता येतं.

सोमवारी १५ तारखेला सकाळच्या गाडीनं येते. बरोबर मलमपट्टीचं बरंच सामान आहे. लीलाबाईंना त्रास देऊ नका, दुसऱ्या कोणालाही पाठवू नका. स्टेशनावर मला घ्यायला तुम्हीच या.

येते,
शालू