हिरवा फेटा

३ एप्रिल, गुरु.
तैवानचे लिन साहेब (यापुढे लि.सा.) मंगळवारी येणार, नक्की. त्यांच्या शिलाई मशीनची विदर्भाची एजन्सी मिळाली तर इतवारीचं दुकान मी चालवणार. नाही तर बाबा गाळा विकून मोकळे. तसं तोंडावर बोललेत. जीव थाऱ्यावर नाही.

५ एप्रिल, शनि.
तिकडच्या रीतीभाती वाचत बसले. कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं, खिशात कोंबायचं नाही. घड्याळ भेट द्यायचं नाही, मरणाशी जोडतात. (बाबांनी भिंतीवरचं घड्याळ पॅकही केलं होतं! परत पाठवलं.) पुरुषाला हिरवी टोपी तर कध्धीच नाही, म्हणजे त्याची बायको बाहेर... शी. हे बाबांना सांगितलं नाही. टोपी देतंय कोण?
बाबा : "येवढे नखरे काहून वं त्याचे?"

८ एप्रिल, मंगळ.
कार्डं नीट पार पडली. लि.सा. कमी बोलतात, मऊ बोलतात. मग सत्कार. शाल झाली, नारळ झाला आणि बाबांनी पिशवीतून फेटा काढला. मी आणलेला केशरी नव्हे. गर्द हिरवा! "हिरवा शुभ असते," म्हणत स्वतःच बांधायला लागले. कारागीर, शेजारचे दुकानदार, सगळे बघताहेत. बापाला सांगू काय, आणि कोणत्या तोंडानं? लि.सा. थबकले. माझ्याकडे पाहिलं. मग हसले आणि मान खाली केली.
जेवणभर फेटा डोक्यावर. घाम पुसत होते, पण काढला नाही.

९ एप्रिल
ते हसणं डोक्यातून जात नाही. तिकडे अवघडल्यावरही हसतात म्हणे. बाबांनी फोटो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलाय. काढा म्हटलं तर, "काहून?" काय सांगणार, कपाळ. भाजीत मीठ दोनदा पडलं.

११ एप्रिल, शुक्र.
लि.सा.ची मेल. 'प्रस्तावाचा नीट अभ्यास करू.' बाबा पेढे आणायला निघालेले. आपलं गिऱ्हाईक "पाहून येतो" म्हणून जातं, तेच हे. नकारच असणार. की खरंच अभ्यास?

१३ एप्रिल, रवि.
सांगून टाकलं. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत, वर न बघता. बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग,
"त्याले मालूम होतं हे?"
"हो, बाबा."
"तरी जेवणभर ठेवला? माह्या मानासाठी?" डोळे भरले त्यांचे. "एजन्सी गेली उडत. फोन लाव. माफी मागतो मी."
माफी मागितली की लि.सा.ना कळणार, आम्हाला कळलंय. बाबांना लाज वाटू नये म्हणून बिचाऱ्यानं सोसलं, ते वाया जाणार. नाही मागितली तर बाबांना चैन नाही. आणि एजन्सी? मला अजून हवीच आहे, खोटं कशाला लिहू.
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसलेत. "लाव न वं."
नंबर काढलाय. बोट तिथंच.